तीन नंबरची नळी

मी या प्रवासाला भांडायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्या-सांगलीकडे लोक महाबळेश्वरला जातात, औदुंबरला जातात, नरसोबाच्या वाडीला जातात. मी निघाले होते शिंदेमामांची चूक त्यांच्या पदरात घालायला.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं एकाच विकराच्या मागे आहे. विकर म्हणजे एन्झाइम. आपल्या बहुतेक पेशींच्या अंगावर एक बारीक केस असतो, एका पेशीला एकच. पेशी दुभंगायला निघाली की हा केस आधी आत ओढून घेते, आणि दोन पेशी झाल्या की दोघींवर तो पुन्हा उगवतो. माझं विकर पेशी दुभंगवणाऱ्या घराण्यातलं. त्याच्या भाऊबंदांचं सगळं आयुष्य त्याच कामात जातं. हे एकटं मात्र त्या केसात जाऊन बसलेलं सापडलं. मूत्रपिंडाच्या नळ्यांमधून लघवी वाहताना हा केस तिचा अंदाज घेत असतो आणि पेशीला आत निरोप देत असतो. विकर बिघडलं की निरोप बिघडतात आणि मूत्रपिंडं लहानपणापासून हळूहळू आकसत, वाळत जातात.

हे सगळं मी काचेच्या बशीतल्या पेशींवर पाहिलेलं. माणूस म्हणाल तर एकही पाहिला नव्हता. कृष्णाकाठच्या एका गावातलं एक जैन शेतकरी कुटुंब आमच्या अभ्यासात होतं. अजित नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा डायलिसिसवर. धाकटी बहीण श्रेया अकरा वर्षांची, ठणठणीत. आमच्या अभ्यासासाठी गावोगावचं रक्त गोळा करणाऱ्या शिंदेमामांनी गेल्या वर्षी घरी जाऊन चौघांचं रक्त आणलं होतं. एक नंबरची नळी वडिलांची, दोन अजितची, तीन श्रेयाची, चार आईची.

या विकराच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर काम भागतं. आईवडिलांच्या नळ्यांत एकेकच प्रत बिघडलेली निघाली, अजितच्या दोन्ही. इथवर सगळं ठीक होतं. पण तीन नंबरच्या नळीतही दोन्ही बिघडलेल्या निघाल्या, आणि फॉर्मवर श्रेयाच्या नावापुढे लिहिलेलं होतं, ‘तक्रार नाही.’ आम्ही त्या जनुकाचा तेवढाच एक तुकडा वाचला होता, त्यामुळे ते मुलाचं की मुलीचं हे कळायला मार्ग नव्हता. उरलेलं रक्त संपलेलं. मी एका मिनिटात निकाल दिला. पोरगी सुईला घाबरली असणार आणि शिंदेमामांनी अजितचंच रक्त दोन नळ्यांत भरलं असणार. म्हणून मी स्वतःच रक्त आणायला निघाले.

शिरवळ

शिरवळला चहाला थांबले तेव्हा कळलं की बर्फाच्या डब्याचं झाकण मी नीट लावलेलंच नाही. आत पाणी. दुसऱ्याच्या चुका शोधायला निघालेल्या बाईची ही सुरुवात! शेजारी रसवंती होती. मालकाकडे बर्फ मागितला तर त्याने डब्यात डोकावून विचारलं, “मासं हाईत का ह्यात?”

“नाही, रक्त न्यायचंय.”

त्याने बर्फ दिला, पण डबा बाकावरून उचलून खाली ठेवला आणि बाकावर पाणी मारलं. वर मला एक ग्लास रस फुकट पाजला, बहुधा मी लवकर जावं म्हणून.

मेढा

साताऱ्याहून मेढ्याकडे वळलं की रस्ता डोंगराशी सलगी करायला लागतो. शिंदेमामांचं गाव मेढ्याच्या पुढे, उतारावर. फौजेच्या वैद्यकीय विभागात चोवीस वर्षं काढून ते इथे परतलेत. घरासमोरच्या अंगणात चपला एका रेषेत लावलेल्या होत्या, आलेल्या पाहुण्यांच्यासुद्धा. माझ्या मी वाकड्या सोडल्या, त्या त्यांनी पायाने सरळ केल्या.

मामींनी तांदळाची भाकरी आणि वाघ्या घेवड्याची उसळ केली होती. आमच्याकडे पुण्यात घेवडा म्हटलं की हिरव्या शेंगा, हा तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचा दाणा मी पहिल्यांदाच खाल्ला आणि तीनदा वाढून घेतला. पोट भरल्यावर भांडण काढणं बरं दिसत नाही, पण मी काढलं.

“मामा, खरं सांगा. पोरगी रडली, हात देईना, म्हणून तुम्ही भावाचंच रक्त दोन नळ्यांत भरलंत ना?”

मामींच्या हातातला डाव तसाच राहिला. शिंदेमामांनी ताटात हात धुतला, पुसला आणि मग बोलले.

“मॅडम, चोवीस वर्सं जवानांचं रगात काढलं. एकाचं दुसऱ्याच्या नावावर गेलं न्हाई. पोरगी रडली न्हाई. हात फुडं करून बसली व्हती. येवढंच म्हनली, मामा, आदी पानी पिऊ का?”

“मग दोन्ही नळ्यांत एकच दोष कसा?”

“त्ये तुमी शिकलेली मान्सं. मला काय ठावं?”

ते बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, माणूस हट्टी आहे, कबूल करणार नाही. पाण्याचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सांगली

दुसऱ्या दिवशी शिंदेमामा गाडीत पुढे बसले आणि इस्लामपूर येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना ऊस, तोडीचे दिवस, रस्ताभर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. कारखान्याच्या मळीचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता. मी त्या वासाने नाक दाबलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

सांगलीत आधी डायलिसिसच्या दवाखान्यात गेलो, अजित तिथे दाखल होता. मी दार उघडलं आणि दारातच थांबले. सोळा वर्षं ‘मूत्रपिंड निकामी होते’ हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलंय. त्या वाक्यात असं यंत्र नव्हतं. पारदर्शक नळीतून त्या पोराचं सगळं रक्त बाहेर जात होतं, फिरत होतं, परत येत होतं. पोर दिसायला चौदा वर्षांचं, उंची खुंटलेली, पायावर चादर आणि हातात मोबाईल. माझ्या कागदांत त्याचं नाव ‘दोन नंबर’ होतं. बसायला खुर्ची होती, पण ती ओढायचं सुचेना.

“मॅडम, तुमीच काय त्या रक्तवाल्या?” अजित म्हणाला. “माझ्यात नेमकं बिघडलंय काय, ते कुनी नीट सांगतच न्हाई.”

त्याचे वडील, सुकुमार, उशाशी बसले होते. त्यांचं एक मूत्रपिंड अजितला द्यायचं ठरलेलं, तपासण्या चालू होत्या. मी दोघांना तो केस सांगितला, विकर सांगितलं. विकर दुसऱ्या प्रथिनांवर शिक्का मारत जातं, कुठलं काम सुरू करायचं, कुठलं थांबवायचं ते त्या शिक्क्यावर ठरतं, असंही सांगितलं. सुकुमार ऐकत राहिले.

“म्हंजे पान्याला दारं धरनारा गडी,” ते म्हणाले. उसाच्या एका सरीत पाणी भरलं की माती लावून ते दार बंद करायचं आणि दुसऱ्या सरीचं उघडायचं, याला इकडे दारं धरणं म्हणतात. “त्यो गडी आमच्यात जलमालाच आला न्हाई.”

इतकं नेमकं मला सोळा वर्षांत सांगता आलं नव्हतं.

“आमची मामाची पोरगी केलेली,” ते पुढे म्हणाले. “डाक्टर म्हनले, त्यामुळं बी आसंल. पर आमच्यात समद्यांचंच तसं आसतंय.”

ते खरंही होतं. दोघांना एकाच आजोबांकडून तीच बिघडलेली प्रत आलेली असू शकते. यात गुन्हा कुणाचाच नाही, हे मी त्यांना सांगितलं. मग बाहेर येऊन भडंगाचं पाकीट घेतलं आणि गाडीत बसून सगळं संपवलं.

कृष्णाकाठ

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. घर चांगलं बांधलेलं, पुढे अंगण, बाजूला गोठा. अजितचे आजोबा, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, पांढऱ्या सदऱ्यात दारात उभे होते. त्यांनी आधी माझ्या हातातल्या डब्याकडे बोट केलं.

“त्यात काय हाय, ताई?”

“बर्फ आहे, आप्पा. फक्त बर्फ.”

“मग हरकत न्हाई,” म्हणून त्यांनी मला आत घेतलं.

अजितची आई, त्रिशला, साडेपाचलाच ताटं मांडायला लागली. या घरात सूर्य मावळला की अन्नही नाही आणि पाणीही नाही. आप्पांनी हा नेम चाळीस वर्षं पाळलाय आणि त्यांच्यामागे सगळं घर. अजित सोडून. त्याला डॉक्टरांनीच वेळापत्रक दिलंय. आमच्याकडे रात्री नऊला कुकर लागतो, त्यामुळे मला भूक नव्हती. पण ज्वारीची गरम भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी आणि घट्ट दही समोर आलं आणि भूक आपोआप लागली. कांदा-लसूण नाही, हे मला चौथ्या घासाला कळलं.

श्रेया माझ्यासमोर बसली होती. दोन वेण्या, शाळेचाच फ्रॉक, चेहऱ्यावर हसू. मी तिला चौथीत आहेस का विचारलं, तर ती फुरंगटून म्हणाली, “सहावीत हाय.” ती जेवली थोडं. मग तांब्या पुढे ओढला आणि पाणी प्यायला लागली. एक फुलपात्र, दोन, तीन. घाई अशी की पाणी हनुवटीवरून गळत होतं. खिडकीतून बाहेर बघायची, ऊन किती उरलंय याचा अंदाज घ्यायची, पुन्हा ओतायची. सहाव्या फुलपात्रानंतर मी मोजणं सोडलं.

“बघा,” आप्पा कौतुकाने म्हणाले, “लय गुनाची हाय. दिस मावळायच्या आत भरून घेती. नेम मोडत न्हाई.”

या आजारावरच्या प्रत्येक शोधनिबंधाची सुरुवात कशाने होते, हे मला झोपेतही सांगता येतं. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून अतोनात तहान, म्हणून रात्री लघवीला उठणं. उंची वाढत नाही. बाकी मूल हसतं-खेळतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ते वाक्य समोर बसून पाणी पीत होतं.

ताटं उचलताना मी त्रिशलाच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

“श्रेया रात्री उठते का हो?”

तिने आधी दार लोटलं. “कुनाला सांगू नका मॅडम. येवढी मोठी झाली तरी हातरून ओलं करती. म्हनून मधी मी दुपारनंतरचं पानी तोडलं व्हतं तिचं. चार वेळा मारलं बी. पर न्हाईच सुदरत.”

“आणि अजित, तिच्याएवढा असताना?”

“त्यो बी आसाच. आळशी म्हनायचो आमी त्येला.” ती बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. “का हो? का इचारलं?”

मी संशोधक आहे, डॉक्टर नाही. आमच्या अभ्यासातला निष्कर्ष घरच्यांना परस्पर सांगायची मला परवानगीही नव्हती. पण त्या बाईचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणाले, “उद्या सकाळी तिला सांगलीला घेऊन जाऊ. एक रक्ताची तपासणी करू.” अजितच्या वेळीही कुणीतरी त्रिशलाला नेमकं एवढंच म्हणालं होतं.

बाहेर शिंदेमामा पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले.

“मामा, नळ्या बरोबर होत्या. चूक माझी. माफ करा मला.”

ते हे ऐकायला कधीचे आतुर असतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी मान वर केली, आणि सहावीतल्या त्या पोरीकडे बघितलं. ती अंगणात दोरीच्या उड्या मारत होती.

“बदलल्या आसत्या तर बरं झालं आसतं, मॅडम,” ते म्हणाले. “माजी नोकरी गेली आसती, येवढंच.”

पुन्हा सांगली

सकाळी सातला निघालो. मुलांच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. दुपारपर्यंत आम्ही चौघं बाकावर बसून होतो, मी, शिंदेमामा, त्रिशला आणि श्रेया. श्रेयाने शिंदेमामांना फौजेविषयीचे प्रश्न विचारून भंडावलं. तुम्ही बंदूक चालवली का, नाही. मग काय केलं, सुया टोचल्या. ती खोखो हसली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मला एक वेडी आशा होती. जनुक वाचताना चूक होते, नळी बदलते, तहान कुठल्याही मुलाला लागते. मी शास्त्रज्ञ म्हणवते आणि देवापुढे बसल्यासारखी त्या बंद दारापुढे बसले होते.

मूत्रपिंडं थकली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. दोन्ही मूत्रपिंडं वयाच्या मानाने लहान आणि पांढुरकी. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी घाई न करता त्रिशलाला सांगितलं. भावाचाच आजार आहे. पण त्याच्याइतका उशीर झालेला नाही, काही वर्षं हाताशी आहेत, ती आपण नीट वापरू. औषधं, दर तीन महिन्यांनी तपासणी. “आणि एक लक्षात ठेवा. पाणी अजिबात तोडायचं नाही. दिवसा, रात्री, तहान लागेल तेव्हा, लागेल तितकं.”

गाडीत त्रिशला रडली नाही. विट्याकडे जाणाऱ्या फाट्यापाशी श्रेया तिच्या मांडीवर झोपून गेली, तेव्हा त्रिशला हळूच म्हणाली, “त्यांचं अजितला द्यायचं ठरलंय. माजं हिला ठिवायचं. दोन पोरं, दोगं आमी. पुरतंय की न्हाई, मॅडम?”

त्या हिशेबात तिचं गणित बरोबर होतं. मी होकाराची मान हलवली. सोळा वर्षांत मी त्या विकराचा आकार काढलाय, कुठल्या जागी काय चिकटतं ते काढलंय. ते बिघडलेलं नीट करायचं औषध माझ्याकडे नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते एखाद्या आईच्या शेजारी बसून माहीत असणं वेगळं असतं, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. आप्पा ओसरीवर वाट बघत होते. सुकुमारही सांगलीहून आले होते, अजित दवाखान्यातच होता. श्रेया हातपाय धुवायला आत गेली, तेवढ्यात त्रिशलाने सगळं सांगितलं. अजितचाच आजार, लवकर कळलाय, आणि पाणी तोडायचं नाही. रात्रीसुद्धा.

आप्पा खांबाला धरून उभे राहिले. “मी तिला गुनाची म्हनत हुतो,” ते म्हणाले. “तान मारून ऱ्हायची पोर, आनि मी चारचौघांत गुनाची म्हनत हुतो.”

“आप्पा, तुम्हाला कसं कळणार होतं?” मी म्हणाले. “मलाही कळलं नाही. माझ्याकडे तर वर्षभर कागद होता.”

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, आम्ही मागोमाग. तिथल्या नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं असतं, कारण या घरात न गाळलेलं पाणी कुणी तोंडाला लावत नाही. पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांची हिंसा होऊ नये म्हणून. आप्पांनी तांब्या स्वतः विसळला, त्या फडक्यातून भरला, फुलपात्रात पाणी ओतलं. बाहेर अंधार पडत होता. चाळीस वर्षांत त्या वेळी त्या घरात अजित सोडून कुणी पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

“श्रेया,” त्यांनी हाक मारली. “हिकडं ये, बाळ. पानी पी.”

श्रेया आली. तिने फुलपात्राकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आई डोळ्याला पदर लावून उभी, बाबा भिंतीला टेकलेले, परकी बाई, परका मामा. तिने हात मागे घेतले.

“पी की. आजारी मान्साला नेम नसतो. डाक्टरांनी सांगितलंय.”

ती काही पाण्याला हात लावीना. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तेव्हा मला कळलं की तिला वाटतंय, आपण सापडलो. तिला सांगलीला नेलं, रक्त काढलं, सगळे गोळा झाले, ते यासाठीच.

“तुमाला कुनी सांगितलं?” तिने आप्पांना विचारलं.

“काय सांगितलं?”

तिने फ्रॉकच्या खिशातून शाळेचा रुमाल काढला. धुऊन धुऊन विरलेला, मधोमध शेवाळाचा हिरवट डाग पडलेला. तो दोन्ही हातांत पसरून तिने आप्पांपुढे धरला, आणि तिला रडू फुटलं.

“रोज न्हाई प्याले, आप्पा. लय तान लागली तवाच. गोट्यात, म्हशीच्या हौदातलं. पर मी गाळून पीत हुते.”